गाडग्यातल्या गोळ्या

आटपाट मुरूम गाव होतं. तिथं एक सासू होती, एक सून होती. सासू म्हंजे मीच, आन सून आमची गौरा. गरोदरपणात दवाखान्यातनं तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, त्या म्या गाडग्यात लपवल्या. "खाल्ल्या तर पोर पोटात लई वाढतं, बाळंतपण अडतं," म्हनलं.

बाळंतपण सुखाचं झालं. पाचवीच्या दिवशी लेकीला पाजता पाजता गौरा ओरडली, "आत्या, हात उघडंना!" दोनी हातांची बोटं आत वळून ताठ झालेली. शेजारीण म्हनली, "सटवी कोपली." तसंच तिला उमरग्याला नेलं.

डॉक्टरनं इचारलं, "कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या होत्या का?"

माझ्याकडं बघून गौरा म्हनली, "व्हय, घेतल्या."

"खोटं बोलती, डॉक्टर! म्या लपवल्या."

त्यांनी शिरेत कॅल्शियम सोडलं, पार मुंगीच्या चालीनं. म्या म्हनलं, "जरा भराभर सोडा की!"

"भराभर सोडलं तर काळीज बंद पडंल, आजी. गप बसा."

मी बोटांकडं बघत बसले. एकेक बोट सुटलं. सुटल्या हातानं गौरानं पयलं लेकीला जवळ घेतलं, मग माझा पदर वढला.

"आत्या, ते गाडगं आता माझ्याकडं द्या."