होडीत काकडी

...आणि मला विचारते, पोहता येतं का! मला! बसा, बसा, त्या खुर्च्या ओढून घ्या सावलीत, उन्हात नका बसू, मागाहून डोकं दुखतं. तर मला, पंढरीला, कोलशेतच्या खाडीवर अडुसष्ट वर्षं काढलेल्या माणसाला ती हातात कागद देते आणि त्यावर दोन चौकोन. पोहता येतं, हो. पोहता येतं, नाही. एकावर टिक करा, काका! अहो, मी पाच वर्षांचा असताना माझ्या बापाने, धाकूने, मला बांधावरून उचलला आणि दिला फेकून खाडीत, तेव्हा त्याने चौकोन दिलेले मला? हातपाय मारलेस तर ये घरी जेवायला, एवढंच बोललेला! मी पेन घेतलं आणि दोन चौकोनांच्या मधे मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, खाडीला विचारा.

ही म्हणजे ऋजुता. डोंबिवलीची. हॉटेलचं शिकलेली, आमच्या नयनने मॅनेजर म्हणून ठेवलेली. पोरगी गुणाची हाय, सकाळी सातला हजर, कुणाला उलटून बोलणार नाय... पण कागद! हिच्याकडे प्रत्येक गोष्टीचा कागद, आणि कागदावर प्लास्टिक. लॅमिनेट! हिला सांगा, बाई गं, आभाळ आलंय, कपडे काढ दोरीवरचे. ही बोलणार, काका, प्रोग्राम छापलाय!

आणि नयन म्हणजे माझा मुलगा. एकुलता एक, त्याला मी काय बोलणार? मित्रांबरोबर थायलंडला गेलेला, पाच दिवस. आला तो वेगळाच होऊन आला. आमच्या जुन्या मिठागराच्या बांधावर उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, आणि बोलतो, "बाबा, आपल्याकडे पण आयलंड आहे." मी बोललो, कुठे रे? "हे काय! तीन बाजूंना पाणी!" मी बोललो, आणि चौथ्या बाजूला? "चौथ्या बाजूला पार्किंग!"

आता तीन बाजूंना पाणी खरं, पण भरतीला. सुकती लागली, म्हणजे तुमची ओहोटी हो, की तिन्ही बाजूंना चिखल. अर्धा दिवस बेट आणि अर्धा दिवस राडा! पण ऐकतो कोण? ट्रकने रेती आणून ओतली, झाला बीच. नारळाची झाडं आणली, ती पण कुंडीत! आणि तिकडे कोपऱ्यात ती झोपडी दिसते ना, तिथे पाय मिठाने घासून देतात, त्याला सॉल्ट थेरपी बोलतात. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी मिठात उभा राहिलो, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, तेव्हा कुणी नाय बोललं की पंढरी, तुझी थेरपी चाललेय!

आणि आमची आवडाबाई! माझी बायको हो, गेटवर हार घालते ती. तिला ऋजुताने शिकवलं, आजी, पाहुणे आले की हसून म्हणायचं, अलोहा. दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी पहिली गाडी आली, आणि आमची बाई काय बोलते? "आलाव हां? मंग जेवाला बसा!" ऋजुता कपाळाला हात लावून उभी, आणि पाहुणे खूश! तुम्हाला पण तेच बोलली ना? बोलणारच. पन्नास वर्षं तिच्या दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय गेला नाय, ती काय अलोहा करणार!

तर प्रोग्राम. उद्घाटन झालं पौर्णिमेला, रविवारी. अकरा वाजता कयाकिंग... कयाक म्हणजे ती पिवळी प्लास्टिकची होडी, केळ्यासारखी, तीच. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, त्यामुळे अकराला खाडी कशी टम्म भरलेली! लोकं मस्त फिरली, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. ऋजुताने लगेच घेतला बोर्ड छापून. रोज सकाळी अकरा, कयाकिंग. रोज दुपारी चार, कोळी डान्स. मी बोललो, पहिली गोष्ट, आम्ही आगरी. मीठ पिकवणारे, भात लावणारे. कोळी वेगळे, ते समुद्रावर जातात, त्यांचा नाच त्यांना करू दे की! आणि दुसरी गोष्ट, रोज अकरा कसं? खाडीला विचारलं कुणी? भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, पोरी! तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते, माझ्या अडाणी बापाला पण येत होतं ते. तर बोलते कशी, गोड आवाजात, "काका, प्रोग्राम छापलाय ना. लॅमिनेट पण केलाय." खाडीला लॅमिनेट वाचता येतं का?

पण ते सोडा. ते सगळं मी गिळलं. मी जे नाय गिळलं ते ऐका.

माझी होडी. बापाने बांधलेली, सागाची, माझ्या आईचं नाव दिलेलं तिला, बायजा. आई गेली तेव्हा मी वीस वर्षांचा. तिचा एक फोटो नाय आमच्याकडे, तेव्हा कोण काढत होतं फोटो? हे एवढं नाव होतं, पांढऱ्या रंगात, दर दिवाळीला मीच रंग द्यायचो. तर मी दोन दिवस कल्याणला बहिणीकडे गेलेलो. परत येऊन बघतो, बांधावर होडी नाय! इकडे शोध, तिकडे शोध. शेवटी कुठे सापडली? जेवणाच्या मांडवात! चार पायांच्या लोखंडी घोडीवर उभी केलेली, आत बर्फ, बर्फावर केळीची पानं, आणि पानांवर काय? बीट! गाजर! काकडी, गोल गोल कापलेली! आणि माझ्या आईच्या नावावर निळा रंग फासून लिहिलेलं, सॅलड बे!

तुम्हाला खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नयनला बोललो, अरे, तुझी आजी हाय ती! नयन बोलतो, "बाबा, पडूनच होती ना? आता लोकं बघतात तरी." बघतात? आईकडे बघतात की बीटकडे बघतात?

मग मी पण धाकूचा पोरगा. मी चढलो आणि बसलो होडीत. बर्फावर! मांडी घालून! बोललो, आता उठणार नाय, ही होडी खाडीत जाईल तेव्हाच उठेन. आवडाबाई आली धावत, "आवं उठा, सर्दी व्हईल! होरीत बसून कवरा बरबराल?" आमच्यात ड चा र होतो, होडीची होरी होते, केवढाचं कवरा आणि बडबडीची बरबर. मी बोललो, बरबरणार! एवढ्यात जेवणाची वेळ झाली आणि आले की हो पाहुणे ताटं घेऊन. मला वाटलं, थबकतील, विचारतील, काय झालं काका, कसला अन्याय? कसलं काय! एका बाईने माझ्या गुडघ्याजवळून काकडी उचलली. दुसरा बोलला, जरा सरका, लिंबू घेतो. एक तर फोटो काढून बोलतो, वा, काय डेकोरेशन! अडीच तास बसलो. शेवटी खालून एवढं गार लागायला लागलं की... जाऊ दे, बायका बसल्यात इथे.

उद्घाटनाला आठवडा झाला. रविवार आला, सप्तमी. मी बोर्डाजवळ उभा. ऋजुताला बोललो, आज सात, साताची पाऊणपट सव्वापाच. भरती सव्वापाचला, म्हणजे सुकती सव्वाअकराला, त्यातून भांगाचं पाणी, या तिथींना भरती चढतेच कमी. अकराला माणसं सोडू नकोस. "काका, कल्याणहून ग्रुप आलाय, शीळफाट्याला दोन तास अडकून आलेत, आता त्यांना पाच वाजेपर्यंत थांबवू? प्रोग्राम छापलाय!"

सोडली. सात केळी, नऊ माणसं. सगळ्यांच्या अंगात ते नारिंगी जॅकेट, गळ्यात शिट्टी. उतरत्या पाण्याबरोबर काय भराभर गेले म्हणता! पुढे त्यांचा लीडर, मितेश, हात वर करून ओरडतोय, "क्या स्पीड है!" स्पीड तुझा नाय रे बाबा, खाडी घरी चाललेय! आणि वळणावर पाणी संपलं. पुढे चिखल, मागे चिखल, मधे सात केळी. मग शिट्ट्या! नऊ जणांच्या नऊ शिट्ट्या! जॅकेट काय करणार? चिखलात कुणी तरंगतो?

आणि हा मितेश शहाणा, उतरला खाली ढकलायला. गेला कमरेपर्यंत! "काका, पाय निघत नाय!" मी बांधावरून ओरडलो, उभा राहू नकोस! चिखलात जो उभा राहतो तो आत जातो, आडवा पड! तर बोलतो, "काका, कपडे खराब होतील!" अरे, लग्नाला आलायस काय? पड आडवा!

नयन बोलतो, फोन करतो कुणाला तरी. मी बोललो, ते येईपर्यंत भरती येईल. होडी काढा! ऋजुता बोलते, "काका, पण लंच..." आणि माझ्याकडे बघितलं तिने, आणि तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा त्या पोरीने कागद खाली ठेवला. दोन हातांनी बीट उपसायला लागली! आम्ही चौघांनी बायजा उचलली, चिखलावर टाकली. आत एक गुडघा ठेवला, दुसऱ्या पायाने चिखल ढकलत निघालो, मिठागरावर असाच जायचो. मला धाकधूक, एवढे दिवस कोरड्यावर, फळ्या सुकून फटी पडल्या असतील. पण नाय! बर्फाच्या पाण्याने लाकूड चांगलं फुगलेलं, एक थेंब आत आला नाय. सॅलडचा तेवढा एक उपयोग!

पाच फेऱ्या मारल्या. ऋजुता गुडघाभर चिखलात दोर धरून उभी, रडतेय पण दोर सोडत नाय. सगळ्यांत शेवटी मितेशला काढला, बूट खाडीला देऊन आला. होडीत बसल्यावर पहिलं काय केलं त्याने? तळाला एक काकडी राहिलेली, ती उचलली आणि खाल्ली. घाबरलेला हो पोरगा. आणि मी? मी सगळा वेळ बडबडतोय. तिथी काय, लॅमिनेट काय, माझी आई काय, बर्फ काय... आणि त्या नऊ जणांतली एक, चिखलात माखलेली, मोबाईल वर धरून हे सगळं शूट करतेय!

तो व्हिडीओ फिरला. आठवडाभर फोन. कयाक कितीला, विचारत नायत. "ते चिडके काका आहेत का?"

मग नयन आणि ऋजुता दोघं आले माझ्यासमोर, खाली मान घालून. होडी परत पाण्यात. निळा रंग खरवडून बायजा नाव परत, ऋजुताने स्वतः लिहिलं, अक्षर माझ्यापेक्षा बरं हाय. तिथी बघून मी रोज फळ्यावर खडूने लिहिणार, तीच पाण्याची वेळ. मी बोललो, आता कशी बोललात! "पण काका, दोन अटी." पाण्यावर जॅकेट घालायचं. आणि दुसरी...

आता बघा, आज पंचमी, भरती पावणेचारला, तीनला मी तुम्हाला बायजामधून फिरवून आणतो. हे बघा, घातलं जॅकेट. आईच्या होडीसाठी घातलं. आता हसू नका, उठा. होडीची वेळ रोज बदलते, ती खाडी ठरवते. पण तो गेटवरचा बोर्ड वाचलात का येताना? वाचा. दुपारी अडीच ते तीन, कल्चरल ॲक्टिव्हिटी, पंढरीकाकांचा राग. रोज! काल सकाळी दहाला कुंडीतल्या नारळावरून मला खरोखरचा राग आला हो, तोंड उघडलं, तर ही धावत आली. "काका, आत्ता नको ना, अडीचला!"

काय करणार? गिळला. प्रोग्राम छापलाय.