बायोडेटातली सायकल

लग्नाच्या बायोडेटात बाबांनी काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या, असं मी आता सगळ्या मैत्रिणींना सांगते. माझ्या बायोडेटात 'आवड: सायकलिंग' होतं. मी सायकल शेवटची चालवली ती आठवीत, क्लासला जाताना.

लग्न करून मेलबर्नला आले आणि महिन्याभरात निखिलने, माझ्या नवऱ्याने, टेबलावर नकाशा पसरला. रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून आणि आडरस्त्यांनी बारा दिवस, तंबूसकट सगळं सामान सायकलवर लादून.

"रोज साठ किलोमीटर. तुला कमीच वाटेल म्हणा."

दोन दिवस मी नुसती मान डोलावली. सामान हलकं करायचं म्हणून तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर माझे मोजे ठेवायला लागला, तेव्हा सांगून टाकलं, "मला कोपऱ्यापर्यंतसुद्धा धड जमणार नाही रे."

त्याने मोजे हळूच खाली ठेवले. "तुझ्या बाबांनी विचारलं होतं, 'मुलीला सायकलिंग आवडतं, तुम्हाला?' मी हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सायकल घेतली. अजून इथल्या जवळच्या क्लेटनच्या पुढे गेलो नाहीये."

टूरची बातमी पुण्याला पोचली होतीच. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "जपून जा हं दोघं. आवड जुळली म्हणून तर एवढ्या लांबचं स्थळ पक्कं केलं."