मोहिनीच्या नावाचा कोळी

अमळनेरच्या स्टँडवर रत्ना चोपड्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर कुणी निवृत्त प्राध्यापक शेजारच्या म्हातारीशी बोलत होते.

"तीस वर्षांपूर्वी सातपुड्यात दगडाखाली सापडला मला तो कोळी. जाळं विणत नाही, जमिनीवरच फिरतो. नवी जात म्हणून लेकीचं नाव दिलं, मोहिनीचं."

"मंग काय जायं, भाऊ?"

"आता तपासणाऱ्यांनी ठरवलं, ही वेगळी जात नाहीच. देशोदेशी आढळणारा जुनाच कोळी आहे. मोहिनीचं नाव रद्द झालं."

"तिले सांगं का?"

"नाही. लहानपणी शाळाभर सांगत फिरायची, माझ्या नावाचा कोळी आहे म्हणून."

"आते कोठे ऱ्हास ती?"

"पुण्याला. तिची आई गेली तेव्हा मी नको ते बोललो. वर्ष झालं, बोलणं नाही."

"मंग लावा फोन."

मागे फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला.

"मोहिनी? बाबा बोलतोय... नाही, तब्येत बरी आहे. सहजच केला... बरं, ठेव."

"काय म्हनी?"

"कामात आहे. नंतर फोन करते म्हणाली."

चोपड्याची गाडी लागली. प्राध्यापक पिशवी घेऊन उठले.

"बसा, भाऊ. ही गाडी जाऊ द्या. रस्तामा रेंज नही."

"तुमचीही गाडी हीच ना, अक्का?"

"दुसरी शे."

रत्नाने गाडीत बसून खिडकीतून पाहिलं, तेव्हा दोघंही बाकावरच बसलेली होती.