कोलंबीचा अर्धवट प्रयोग

आमच्या बाबांसमोर विज्ञान बोलायची सोय नाही. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून आईनं त्यांची कोलंबी बंद करून दुधी सुरू केला. नेमकी माझी बायको लॅबमध्ये कोलेस्टेरॉलवरच काम करते. परवा जेवताना बाबांनी तिला विचारलं, "तू तिथं करतेस तरी काय?"

ती म्हणाली, "पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात, बाबा. त्यांतून सोडियम-पोटॅशियमची ये-जा होते, पेशीला निरोप कळतात. आवरणातलं कोलेस्टेरॉल काढलं की काही दारं नीट उघडत नाहीत. परत घातल्यावर उघडली, की प्रयोग पूर्ण."

बाबा आईकडे वळले. "ऐकलंस? कोलंबी बंद झाल्यापासून तुझं बोलणं माझ्या आत शिरतच नाही. तुझा प्रयोग अर्धवट राहिलाय. उद्या उरण नाक्यावरून कोलंबी आणतो."

आईनं शांतपणे सुनेला विचारलं, "काय गं, कोलेस्टेरॉल काढायच्या आधी दारं उघडत होती का, हे बघून ठेवावं लागतं ना?"

"हो आई, ते सगळ्यात आधी."

"मग राहू दे. यांची लग्नापासून बंदच आहेत."

हा निरोप मात्र बाबांच्या आत नुसत्या दुधीवरही पोचला.