दार म्हणजे

शिवणकाम करणाऱ्या एक बाई मुलाच्या प्रवेशासाठी कॉलेजच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक आई आणि तिची मुलगी. ऐकायचं नाही म्हटलं तरी दोघींचं बोलणं कानावर येत होतं.

“भाषाशास्त्र शिकून नोकरी कसली लागते, ते तरी सांग.”

“शिकवता येतं. कॉम्प्युटरच्या कंपन्याही घेतात म्हणे. पण खात्री नाही देता येणार, आई.”

“मामा दुकानात घेतोय तुला. बाबा गेल्यावर तोच पाठीशी उभा राहिला.”

“माहीत आहे गं. पण अर्धांगाचा झटका आल्यावर बाबांचे शब्द असे का बदलले, ते मला समजून घ्यायचंय.”

“डोक्यावर परिणाम झाला होता. काहीही बरळायचे.”

“काहीही नाही. पाणी हवं असलं की दर वेळी ‘खुर्ची’च म्हणायचे. मला ‘घड्याळ’ म्हणायचे.”

“समजून घेतलंस म्हणून ते परत येणारेत?”

“नाही.”

रांग जराशी पुढे सरकली.

“शेवटी शेवटी सारखं ‘दार, दार’ चाललं होतं. ते काय होतं मग?”

“तू, आई. तुला हाक मारायचे.”

“तेव्हा का नाही बोललीस?”

“मलाही ते गेल्यावरच उमगलं.”

बाईंनी हातातली पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

“मी दर वेळी उठून दार लावून यायचे गं,” पुढून आईचा आवाज आला.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, “विषय?”

मुलगी आईकडे बघत राहिली.

“भाषाशास्त्र,” आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.