जिन्यातला औषधांचा डबा उचलून नेल्याबाबत

जबाब देणार : नाव ओळखपत्रावरून नोंदवले आहे, इमारतीत सगळे सिस्टर म्हणतात. वय ५१ वर्षे. धंदा नोकरी, सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका. राहणार तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडचे दार.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी नवऱ्यासह राहते. माझे धाकटे दीर व जाऊ त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. आज सकाळची ड्युटी संपवून मी थेट पोलीस ठाण्यात आले. जेवण झालेले नाही. हे लिहायची गरज नाही असे हवालदार म्हणाले, पण लिहा असे मी सांगितले.

तक्रारदार हे दुसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त शिक्षक असून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माणूस सरळ आहे. आमचे कधी वाकडे आलेले नाही.

इमारतीच्या जिन्यात टपालपेट्यांच्या वर एक फळी आहे. तिच्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. तो मास्तरांनी ठेवला आहे. कुणाच्या घरी आजारपण झाले आणि बरे वाटल्यावर गोळ्या उरल्या, की त्या डब्यात टाकायच्या व ज्याला गरज पडेल त्याने घ्यायच्या, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मास्तर प्रत्येक पाकिटाला रबर लावून चिठ्ठी अडकवतात. ‘घसा’, ‘ताप’, ‘लघवीची जळजळ’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते. गोळ्या उरवणाऱ्याचे जिन्यात कौतुक होते. मी डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या गोळ्या संपवते, म्हणून मला एकदा हसत हसत अप्पलपोटी म्हटले गेले.

त्यातल्या बऱ्याच गोळ्या अँटिबायोटिक असतात. त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, साध्या सर्दीवर तर त्यांचा काही उपयोग नसतो. घ्यायला सांगितल्या तर सांगितले तितके दिवस घ्याव्यात, नाहीतर जंतू पुरते मरत नाहीत आणि मागे राहिलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात. हे मी जिन्यात, गच्चीवर, लोकांच्या दारात उभी राहून सांगत आले आहे. सांगून सांगून जीभ झिजली. लोक मान डोलवतात आणि डब्यात हात घालतात. “सिस्टर, तुम्ही ड्युटी घरी घेऊन येता,” असे मास्तर म्हणायचे.

माझ्या जावेला लघवीच्या जळजळीचा त्रास वरचेवर होतो. दर वेळी ती डब्यातल्या गोळ्या घेई आणि आराम पडला की उरलेल्या पुन्हा ठेवून येई. मी रागावते म्हणून मला कळू देत नसे. गेल्या आठवड्यात तिला थंडी वाजून ताप भरला, कमरेत कळा येऊ लागल्या, तरी तिने आधी डब्यातलीच गोळी घेतली. ती असंबद्ध बोलू लागली तेव्हा दिरांनी माझे दार वाजवले. मी तिला आमच्याच रुग्णालयात दाखल केले. संसर्ग मूत्रपिंडातून रक्तात गेला होता.

तपासणीचा रिपोर्ट प्रयोगशाळेतून मीच आणला. जंतूवर कोणते औषध चालते, कोणते चालत नाही, हे त्यात असते. नेहमीच्या औषधांपैकी एकही चालत नव्हते. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, सलाईनमधून द्यायचे एकच औषध आता हाताशी आहे, ते ठरलेले सगळे दिवस द्यावे लागेल, आणि त्यानेही भागले नाही तर पुढे काय करायचे हे त्यांना माहीत नाही. मी बरे म्हटले. माझी ड्युटी शेजारच्या वॉर्डात होती, तिकडे गेले.

त्या दिवशी घरी परतल्यावर मी डबा उचलला. मास्तर जिन्यातच होते. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

“सिस्टर, डबा कुठे नेताय?”

“रिकामा करायला.”

“अहो, तो सगळ्यांचा आहे. उद्या कुणाला ताप आला तर?”

“माझं दार वाजवा. मी डॉक्टरांकडे घेऊन जाईन.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“जाऊबाई आजारी आहेत, मला कळतंय. पण तो राग आमच्यावर कशाला?”

मी डबा घेऊन वर गेले. राग होता. कुणावर, ते मला अजून सांगता येत नाही.

सर्व गोळ्या मी नष्ट करण्यासाठी रुग्णालयाच्या औषध विभागात जमा केल्या. डबा, त्यातला थर्मामीटर, बँडेज व भाजल्यावर लावायचे मलम दुसऱ्या दिवशी फळीवर परत ठेवले. यात चोरी कुठली लिहू, असे हवालदारांनी इथेच ठाण्यात बसलेल्या मास्तरांना विचारले. त्यावर मास्तर म्हणाले, “मग सामाईक वस्तूंचं नुकसान लिहा.” तसे लिहावे, माझी हरकत नाही. गोळ्या परत मिळणार नाहीत.

जबाब चालू असताना दिरांचा रुग्णालयातून फोन आला, म्हणून लिहिणे थांबवण्यात आले. दीर म्हणाले, “वहिनी, ताप उतरला. चहा मागून घेतला तिनं.” मला रडू आले, हेही लिहावे. ते पुढे म्हणाले, “पण आता ऐकत नाहीये. बरी झाले मी, सलाईन काढा, घरी न्या, एवढंच चाललंय. सारखा सुईकडे हात नेतेय. तुम्ही या बघू लवकर.” औषधाचे निम्मे दिवसही झालेले नाहीत. मी येईपर्यंत तिचा हात धरून ठेवा, असे मी दिरांना सांगितले.

मास्तर बाकावर बसून हे सर्व ऐकत होते. त्यांचा चेहरा खुलला. ते उठून माझ्याजवळ आले आणि अगदी मनापासून म्हणाले, “चला, सुटलात. बरं वाटतंय ना तिला? मग कशाला उगाच त्या सुया टोचत ठेवायच्या बिचारीला?”

त्यांचे हे बोलणे जसेच्या तसे उतरवून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. मला आणखी काही सांगायचे नाही. मला रुग्णालयात जायचे आहे.

हवालदारांनी हा मजकूर वाचला तो मी उभ्यानेच ऐकला. जे बोलले तेच कागदावर आहे. सही केली.