पाटी वाचून बसलेल्या बाई

साक्षरतेचं कौतुक मला सांगू नका. नव्वदच्या दशकात, ते अभियान जोरात असताना, मी नगरहून जामखेडच्या बसमध्ये बसलो होतो. शेजारी पन्नाशीच्या बाई. लेक नेवाशाला बाळंत झालेली, आणि साक्षरता वर्गात वाचायला शिकल्यामुळे या पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या.

शहर मागे पडल्यावर कंडक्टर आला.

"नेवासा द्या, भाऊ."

"मावशी, ही जामखेडची गाडी! वाचता येत न्हाई का?"

"वाचूनच बसले की! म्होरं नेवासाच लिवलंय."

"ती सकाळच्या फेरीची पाटी. बदलायची ऱ्हायली. कुनाला विचारायचं न्हाई का?"

असं म्हणून त्याने घंटी मारली. बाईंना भर उन्हात रस्त्यावर उतरवायला! माझं डोकंच फिरलं.

"पाटी तुमची चुकीची, आणि उतरायचं यांनी?"

"साहेब, बाकीचे समदे बरूबर बसले ना? तुमी कसे बसला?"

"ड्रायव्हरला विचारून," मी म्हणालो.

बाईंनी गाठोडं उचललं, पायरीवर थांबल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हंजी साहेब, तुमाला बी वाचता येत न्हाई व्हय?"